नेली हॅलिवेलने सोडलेली साखळी

आमच्या थॉर्नशॉच्या टाऊन हॉलात जुन्या महापौरांच्या तसबिरी जिन्याने वर चढत जातात. त्यांत नेली हॅलिवेल नाही. नाही ती का, हे आता लिहायला हरकत नाही. ती देवाघरी गेली, आणि ज्यांच्यापासून लपवायचं होतं तेही गेले.

नेली माझी शेजारीण. आमच्या घरांची मधली भिंत एक आणि चॅपेलातला बाकही एक. शाळा सुटली तशी ती कापडगिरणीत मागावर उभी राहिली. मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले, पण ओठ वाचायची विद्या आली. गिरणीतल्या आम्हा बायांना ती येतेच. तोंडातून आवाज न काढता पलीकडच्या रांगेतल्या बाईला सासूची अख्खी चहाडी सांगता येते!

नवरा गेल्यावर ती नगरसभेवर निवडून आली. कालव्याकाठच्या सार्वजनिक धुणंघराचा बंब बंद पडू दिला नाही तो तिनेच. बाजारपेठेचं काचेचं छप्पर गळायचं, ती दिसली की मासेवाला ओरडायचा, "नेली, माझे मासे परत पोहायला लागले बघ!"

"मग ताजे म्हणून वीक!" ती म्हणायची. पण पुढच्या सभेत छपराचा विषय निघायचाच.

महापौराची सोन्याची साखळी आमच्याकडे नगरसेवकांच्या ज्येष्ठतेच्या क्रमाने गळ्यात पडते. त्र्याहत्तर साली नेलीचा नंबर होता, तिच्यामागे विल्फ टॅटर्सलचा. पण पुढच्या एप्रिलात आमची नगरसभाच मोडून थॉर्नशॉ शेजारच्या मोठ्या शहराला जोडणार होते. म्हणजे ही शेवटची साखळी. हे सगळ्यांना ठाऊक होतं, विल्फलाही. तो जन्मभर गिरणीच्या पिंजणखात्यात कापसाची धूळ गिळलेला माणूस; बोलताना छाती भात्यासारखी वाजायची. तरी चेष्टा सुटली नव्हती.

"साखळी जड असते हं नेली. दमलीस तर मी मागून धरीन."

"तू आधी हा जिना चढून दाखव!"

समारंभांत महापौराच्या जोडीला घरचं माणूस लागतं; नेली विधवा, म्हणून त्या 'महापौरिणी'च्या जागी तिने मला निवडलं होतं. तिने निळा कोट शिवून घेतला, मी टोपी घेतली. टोपीच्या मोहाबद्दल प्रार्थनेत क्षमाही मागून झाली.

निवडीच्या सभेला मी वरच्या सज्जात बसले होते. नाव पुकारायच्या आधी कुजबूज चालली होती. खाली नेलीच्या समोरच्या बाकावर विल्फचा मेहुणा सग्डन तोंडाआड हातसुद्धा न धरता शेजाऱ्याशी बोलत होता. नेलीची नजर त्याच्या ओठांवर होती. तिचा चेहरा उतरत गेलेला मला वरून दिसला. मग ती उठली.

"मला नको. विल्फला द्या. त्या मोठ्या जेवणावळीत कुठल्या घासाला कुठला काटा, मला काही जमायचं नाही."

सभागृह हसलं. विल्फ मात्र हसला नाही. उठून उभा राहिला आणि बोलायला श्वासच पुरेना.

घरी आल्यावर मी तिच्यावर उखडले. "काट्यांना घाबरलीस? तू?"

तिने आधी दार लावलं. "एल्सी, सग्डन सांगत होता, डॉक्टर म्हणतात विल्फने नाताळ पाहिला तर नशीब. विल्फला सांगितलेलं नाही."

"अगं, मग आपल्या पक्षाच्या पुढाऱ्यांना तरी खरं कारण सांग."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर! दयेची साखळी घालेल का तो? शपथ घे माझ्या गळ्याची, बोलणार नाहीस."

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूने सांगितलं आहे. मी गप्प राहिले. पण गावाचं तोंड कोण धरणार? "नेली हॅलिवेल ऐन वेळी भ्याली," हे बाजारात मासेवालाही बोलू लागला.

विल्फचं वर्ष मात्र सोन्याचं गेलं. त्याने फुलांचं प्रदर्शन उघडलं, बँडच्या पुढे मोटारीतून गेला. जिना चढवेना तेव्हा दोघं शिपाई त्याला खुर्चीसकट वर न्यायचे. नाताळ त्याने पाहिला. नव्या वर्षाच्या हिमात आम्ही त्याला पुरलं.

उरलेल्या थोड्या आठवड्यांसाठी महापौर नेमायचा होता. नेली काही बोलली नाही, पण निळा कोट परसात वाऱ्यावर टाकलेला मी पाहिला. पक्षाचे पुढारी सभेआधीच तिच्या दारात आले.

"तू एकदा नाही म्हणालीस ना बाई. आता शेवटाला फजिती नको. कापडवाल्या हार्ग्रीव्हजला देतोय."

"बरं," नेली म्हणाली.

त्याच आठवड्यात विल्फची बायको फ्लोरी आली. अंत्यविधीला नेलीने पाठवलेल्या बटाटा-मटण भरून भाजलेल्या 'पाई'चं भांडं परत द्यायला. मीही तिथेच होते. चहा झाला. फ्लोरी नेलीचा हात धरून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं. तो शेवटपर्यंत म्हणायचा, बिचारी नेली, लोकांपुढे पाय लटपटले तिचे. कीव यायची त्याला तुझी. पण देवाची करणी बघ! तू भ्यालीस म्हणून माझ्या माणसाला तेवढं सुख लाभलं."

खरं कारण माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. नेलीने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"हो गं फ्लोरी," ती म्हणाली, "फारच भ्याले मी."

फ्लोरीने तिच्या गालाचा मुका घेतला आणि निघाली. फाटकाशी वळून हात हलवला. नेलीनेही हलवला. आत येऊन कपबश्या विसळताना एवढंच म्हणाली, "तो सुखात गेला, एल्सी. तिला तेवढं पुरे."

फ्लोरीला पुरे होतं. एप्रिल उजाडला, नगरसभा मोडली, तेव्हा थॉर्नशॉत घालायला साखळी होती, पण महापौरच उरला नव्हता.