देवक बसेपर्यंत

देवासचे काका आजारी पडले आणि फोनमधली कोणती खाती ठेवायची, कोणती सोडायची, हा प्रश्न आमच्या धारच्या घरात एकदम धर्मशास्त्राचा होऊन बसला.

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे गेल्यावर वडीलपण त्यांनीच निभावलं. इकडे मुलाची मुंज तोंडावर आलेली, तिकडे काकांना ऑक्सिजन लावलेला. काही बरंवाईट झालं तर आम्हाला सुतक, म्हणजे मुंज राहिलीच. पण सासूबाईंचं म्हणणं, सुतक ऐकल्यावर लागतं.

"कळलंच नाही तर सुतक कसलं? आणि एकदा देवक बसलं की कळलं तरी अडत नाही. तोवर ते फोनमधलं सगळं बंद कर बाई."

काकांच्या मुलांनी, म्हणजे माझ्या देवासच्या दिरांनीही मान्य केलं. काही झालं तरी तिकडून फोन येणार नाही, आणि आम्हीही करायचा नाही.

मी कामाला लागले. शाळेचा ग्रुप ठेवावाच लागला, नाहीतर मोठ्या बाईंनी माझंच श्राद्ध घातलं असतं. कॉलनीचा ठेवला, तिथे पाण्याच्या टँकरपलीकडे कुणाला काही सुचत नाही. फोटोंचं खातं मात्र बंद केलं. आमच्या भाच्या रडतानाचेसुद्धा फोटो टाकतात, त्यांचा काय भरवसा! जुन्या मैत्रिणींचा ग्रुप सोडला, कारण त्यातली एक देवासची आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला वाटलं, मी रागावले. वाटो.

समाजाच्या ग्रुपपाशी अडले. तिथे मुंजीच्या आचाऱ्याचं बोलणं चाललं होतं. राहू दिला, आणि दुसऱ्याच दिवशी भाजी चिरताना पडद्यावर अर्धी ओळ उमटली, 'देवास येथील ज्येष्ठ...' मी फोन तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. "देवासचं काहीतरी आलंय!" मी हाक मारली. सासूबाई देवघरातूनच ओरडल्या, "वाचू नकोस!"

शेवटी शेजारच्या भाभींना बोलावलं. त्या मालवी, त्यांना आमचं सुतक लागायचं काही कारण नव्हतं. त्यांनी फोनवरचे तांदूळ झटकले, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

"अरे, ये तो कोई मास्टरसाब रिटायर हुए हैं. बधाई दे दो."

मला हसूही येत होतं आणि रडूही. तो ग्रुप तिथल्या तिथे सोडला.

मग उरलं एकच खातं, काकांच्या निरोपांचं. रोज सकाळी ते गच्चीवरून देवीच्या टेकरीचा फोटो पाठवायचे. दवाखान्यात गेल्यापासून फोटो बंद होते, पण ते शेवटचे कधी येऊन गेले ती वेळ नावाखाली दिसायची. पोळी तव्यावर टाकली की मी ती वेळ बघायची, उलटली की पुन्हा बघायची. वेळ पुढे सरकलेली असली की जीव भांड्यात पडायचा. एकदा ती सरकलीच नाही आणि माझी पोळी करपली.

सासूबाई म्हणाल्या, "हेही कळणंच झालं." त्यांचा आवाज चिरकला होता. लहानपणी आई गेलेल्या या दिराला त्यांनीच वाढवलं होतं, त्यांना काय कमी धास्ती होती?

मी तेही बंद केलं. मला फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची चीड आली. जिता माणूस तिकडे श्वासासाठी धडपडतोय आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून मुहूर्त सांभाळतोय.

मुंजीच्या आदल्या दिवशी देवक बसलं. गुरुजींनी अक्षता टाकल्या आणि सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आता बघ." इतके दिवस बघायची बंदी होती म्हणून मी तडफडत होते. आता मुभा मिळाली तर बोट पुढे जाईना. कोणतंही खातं न उघडता मी सरळ काकांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"बैठलं का गं देवक?"

आवाज खोल गेलेला, पण काकांचाच. मी घाईने म्हणाले, "बसलं काका, आत्ताच बसलं."



"चलो, छान झालं," काका म्हणाले. "मग आता मी मोकळा."