नाताळच्या झाडातले डोळे

आमच्या घरी नाताळ होत नसे. तो खालच्या मजल्यावर होत असे आणि वर आम्हाला त्याचा नुसता वास येत असे.

खाली आमच्या घरमालकीण डॉरीन आंटी राहत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. बंगळुरात कॉक्स टाउनमधल्या त्यांच्या जुन्या बंगल्याचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. आम्ही म्हणजे माझे सासरे अण्णा, माझ्या थोरल्या नणंद अक्का, हे आणि मी. मी बेळगावहून लग्न होऊन आलेली. अण्णा पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. (खात्यात ते कारकून होते, पण हे त्यांच्या बोलण्यावरून कुणालाही कळलं नसतं.) आंटी इंग्रजीत बोलत, मी कानडीत उत्तर देई, आणि आमचं छान जमत असे.

जमत नसे ते आंटींच्या हॉलशी. तिथे त्यांच्या दिवंगत यजमानांचा मोठा फोटो होता. ते रेल्वेत गार्ड होते आणि फोटोतही ड्यूटीवर असल्यासारखे दिसत. आपण जिकडे जावं तिकडे त्यांची नजर यायची. समोरच्या भिंतीवर सांबराचं मुंडकं, खाली गालिच्याऐवजी कसलंसं कातडं. अक्का म्हणत, "दिवेलागणीनंतर तो हॉल आंटींचा नसतो."

"मग कुणाचा असतो?"

"तुला नाही सांगत. उगाच झोप नाही यायची."

(एवढं ऐकल्यावर झोप येते, असा अक्कांचा समज होता.)

त्या वर्षी आंटी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि पाय प्लास्टरमध्ये घालून दवाखान्यात जाऊन पडल्या. त्यांचा भाचा ऑस्ट्रेलियात होता. तो त्यांच्या मागेच लागला, की घर विकून टाक आणि इकडे निघून ये. आंटी अजून हो म्हणाल्या नव्हत्या, पण नाहीही म्हणत नव्हत्या. आम्हाला दोन काळज्या लागल्या. त्या गेल्या तर नवा मालक आम्हाला बाहेर काढणार, हे एक. आणि त्या गेल्या तर मला रोज सकाळी जिन्यातून "सुमा, आज दूध आलं का?" असं कोण विचारणार, हे दुसरं. त्यातलं पहिलं आम्ही एकमेकांत बोलत होतो.

मी भेटायला गेले तेव्हा आंटींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "नाताळच्या आदल्या संध्याकाळी मला सोडतायत. जरा केर काढून ठेव. यंदा झाड नाही, काही नाही. हा पाय घेऊन मी काय सजवणार?"

"आंटी, मी सजवते," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही. आंटींचा चेहरा मात्र असा उजळला, की शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही. बाहेर डॉक्टरांनी मला थांबवलं आणि बजावलं, "त्यांचं हृदय नाजूक झालंय. घाबरतील असं काही होऊ देऊ नका."

मी मान डोलावली. घाबरण्याचं खातं आमच्या घरी मीच सांभाळत होते, तेव्हा आंटींच्या वाट्याला काही उरेल असं मला वाटलं नाही.

यांच्या ऑफिसातल्या एकाची व्हाइटफील्डकडे सुरूची बाग होती. तिथून हे नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी एक झाड तोडून घेऊन आले. जटक्याच्या (म्हणजे आमच्या बंगळुरी टांग्याच्या) टपावर दोरीने करकचून बांधलेलं ते झाड दारात उतरवताना घोडा सारखा मान वळवून मागे बघत होता आणि फुरफुरत होता. जटकेवाला म्हणाला, "वाटभर असंच चाललंय याचं." आम्ही त्यावर काही विचार केला नाही. घोड्याचं आम्ही ऐकायला हवं होतं.

झाड बादलीत उभं करून विटांनी आवळलं. आता सजवायचं. इथे एक गोष्ट लक्षात आली, की आमच्यापैकी कुणालाच नाताळची सजावट येत नव्हती. आम्हाला येत होती ती गौरी-गणपतीची. अक्कांनी दाराला आंब्याचं तोरण बांधलं. उंबऱ्याबाहेर रांगोळी घातली. शेंड्यावर चांदणी हवी होती, ती सापडेना, म्हणून दिवाळीचा आकाशकंदील चढवला. मी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून आणलेल्या रंगीत कागदाच्या साखळ्या सोडल्या, त्यातली एक सांबराच्या शिंगांतून नेली. मागे वळून बघते तर अक्का बादलीला हळदकुंकू लावत होत्या.

"अक्का, हे त्यांच्यात नसतं."

"बादली नवी आहे ना? मग."

आंटींच्या पेटीतले काचेचे लाल गोळे मी फांद्यांना टांगले. बर्फासाठी अक्कांनी एक जुनी उशी उसवली आणि मूठमूठ कापूस लावत सुटल्या. मध्येच म्हणाल्या, "इथे आत घरटं आहे गं. करडं, मऊ लागतंय हाताला. असू दे, शुभ असतं." आणि त्यांनी त्या घरट्यावरही चांगला जाड बर्फ थापला.

दुपारी अण्णा पाहणी करून गेले. "सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत ठीक. "स्वल्प तिरकं आहे, पण सरी." अण्णांकडून याहून मोठी पावती मिळत नसे.

दिवेलागणीला मी दिवा लावायला एकटीच खाली गेले. आंटी तासाभरात येणार होत्या. अक्कांचं बोलणं आठवायचं नाही असं ठरवून मी दार उघडलं आणि अर्थातच तेच आठवलं. बटण दाबलं. त्या काळी संध्याकाळी विजेला जोर नसे, दिवा लागे तो नुसता लालसर निखाऱ्यासारखा. त्याच्या उजेडात फक्त दिवा दिसे. फोटोतल्या गार्डसाहेबांकडे न बघता मी झाडाशी गेले, एक गोळा सुटत आला होता तो नीट करायला.

झाडातून दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

माणसाच्या डोळ्यांएवढे मोठे, वाटोळे, नारिंगी डोळे. माझ्या खांद्याच्या उंचीवर, कापसाच्या आत. मिटत नव्हते. हलत नव्हते. हा उजेडाचा खेळ आहे, काचेचे गोळे चमकतायत, असं मी स्वतःला समजावू लागले, आणि जवळपास पटलंही. तेवढ्यात त्या कापसातून एक हात बाहेर आला. तान्ह्या मुलाचा असावा तसा बारका हात, बोटं आणि नखं असलेला. त्याने सावकाश, अगदी सावकाश, एक लाल गोळा पकडला.

वर मी कशी पोचले, ते विचारू नका. जिन्याच्या पायऱ्या मला लागल्याच नाहीत.

"झाडात बाळ आहे," मी म्हणाले.

हे वर्तमानपत्र वाचत होते. "कुणाचं?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी मात्र हातातलं ताट खाली ठेवलं. "मी म्हणत होते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

अण्णा उठले. त्यांनी टॉर्च घेतली, कानटोपी घातली. "खात्यात असताना असले प्रकार मी खूप पाहिलेत. माझ्या मागे या." आम्ही मागे निघालो, यांच्या हातात छत्री होती. अण्णा हॉलमध्ये शिरले, टॉर्च झाडावर टाकली, आणि त्याच पावली उलटे बाहेर आले. शिरताना ते सगळ्यांच्या पुढे होते, निघतानाही तेच पुढे होते.

"काय आहे?" यांनी विचारलं.

"त्याने माझ्याकडे बघितलं," अण्णा म्हणाले. खात्याची भाषा त्यात उरली नव्हती.

"झाड उचलून बाहेर टाकू," हे म्हणाले.

"उचलणार कोण?" अक्कांनी विचारलं. यांनी छत्रीकडे पाहिलं. छत्रीने झाड उचलता येत नाही.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

मला डॉक्टरांचे शब्द आठवले. नाजूक हृदयाची बाई, तिच्या घरात मी हौसेने झाड उभं करते काय, आणि त्यात हे काय बसलंय कुणास ठाऊक. त्यांना काही झालं तर? घर राहील बाजूला, मी जन्मभर स्वतःला तोंड दाखवू शकणार नव्हते. दवाखान्याची दोन माणसं आंटींना खुर्चीसकट उचलून आणत होती. मी धावत जाऊन दारात आडवी उभी राहिले.

"आंटी, आधी वर चला. चहा ठेवलाय."

आंटींनी प्लास्टरकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग माझ्याकडे. "सुमा, तुला बरं वाटत नाहीये का?"

"तिला ताप आहे," हे मागून म्हणाले.

"मग तिने झोपावं. मला माझ्या घरात जाऊ दे."

त्या माणसांनी मला बाजूला सारून खुर्ची आत नेली, मधोमध ठेवली आणि दोघं निघून गेले. आम्ही चौघं झाडापुढे ओळीने उभे राहिलो, कवायतीला राहावं तसे. माझी जागा नेमकी झाडाला लागून मधे आली. (मधली जागा कुणी कुणाला दिली, यावर आमच्या घरात नंतर बराच वाद झाला.)

आंटी बघत राहिल्या. आंब्याचं तोरण. शिंगांतली कागदी साखळी. कुंकू लावलेली बादली. शेंड्यावरचा आकाशकंदील. त्यांचे ओठ थरथरू लागले आणि मला वाटलं, झालं, हृदय. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इतकं सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत?" त्या म्हणाल्या.

आणि त्याच वेळी मागून कुणीतरी माझी वेणी धरली.

ओढली नाही. नुसती धरली. मग जरा वर, आणखी एका हाताने. मग आणखी वर. माझ्या मानेला काहीतरी ऊबदार, केसाळ टेकलं आणि कानाशी श्वास ऐकू आला. आंटींना धक्का बसता कामा नये, म्हणून मी हसत राहिले. ते हसू कसं दिसत असेल, याची कल्पना शेजारी उभ्या अक्कांच्या चेहऱ्यावरून आली. त्या माझ्यापासून एकेक पाऊल दूर सरकत होत्या.

"सुमा," आंटी हळू आवाजात म्हणाल्या, "अजिबात हलू नकोस."

तसाही माझा विचार नव्हता.

"ते काडुपाप आहे. रानातलं लेकरू म्हणतात त्याला इथे. माझ्या लहानपणी व्हाइटफील्डला आमच्या बागेत असायचं. माकडाच्या जातीचं, गरीब जनावर. दिवसा झोपतं, संध्याकाळी उठतं. आता त्याला वाटतंय तू झाड आहेस."

"मी काय करू?" हसरं तोंड तसंच ठेवून मी विचारलं.

"झाडच राहा. हळूहळू चालत अंगणातल्या आंब्यापाशी जा आणि डोकं खोडाला टेकवून उभी राहा. त्याच्या मनात येईल तेव्हा ते जाईल."

मी चालू लागले. हॉलमधून, रांगोळीवरून, पायऱ्या उतरून. डोक्यावर ते बसलेलं, एक हात माझ्या कपाळावर ठेवून. मागे अण्णा टॉर्च घेऊन, त्यांच्या मागे छत्री, सगळ्यात मागे अक्का रामरक्षा म्हणत. फाटकाबाहेरून जाणारा एक माणूस थांबला आणि त्याने आम्हाला नमस्कार केला. कसली मिरवणूक समजून, देव जाणे.

आंब्याच्या खोडाला कपाळ टेकवून मी डोळे गच्च मिटले. ते जनावर घाईचं नव्हतं. बोलायचे सगळे नवस बोलून संपले. थंडी वाजू लागली. आतून कपबशांचा आवाज आला, मग केकचा वास, मग आंटींचं हसणं. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसत होत्या. मी एकटीच कपाळ टेकवून उभी होते, आणि मानेवरचं ओझं काही केल्या हलत नव्हतं.

शेवटी मागून यांचा आवाज आला. "आत येतेस ना?"

"कशी येऊ? ते जायला नको?"

"ते केव्हाच गेलं. ते बघ, वरच्या फांदीवर बसलंय."

"मग माझ्या मानेवर काय आहे?"

"माझा हात," हे म्हणाले.

त्यानंतर मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून म्हणे कोपऱ्यावरच्या दुकानदाराने फळ्या लावून घेतल्या.

आंटी ऑस्ट्रेलियाला गेल्या नाहीत. भाच्याला त्यांनी कळवलं, की तिकडे सगळं फार व्यवस्थित असतं असं ऐकते, मला ते झेपायचं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या झाडाच्या बादलीला अक्काच कुंकू लावत राहिल्या.

मी मात्र त्या नाताळपासून वेणी घालणं सोडलं आणि घट्ट अंबाडा बांधू लागले. सुनेला एकदम पोक्तपणा आला म्हणून अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेत असे.