परतीपुरता दम

दुपारी केर काढणारं ते गोल यंत्र गालिच्यावरून सरकत होतं. थाळीएवढं आहे, आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखा आवाज करतं. टेबलाखाली चिवड्याचे चार दाणे समोर पडलेले असताना ते थबकलं, वळलं आणि भिंतीपाशी चार्जिंगला जाऊन बसलं.

"दाणे राहिले की," मी जरा चिडूनच म्हटलं.

"गालिच्यावर किती बॅटरी जाईल ते त्याला आधी नक्की कळत नाही," माझी मुलगी म्हणाली. "म्हणून परतीपुरती राखूनच ते पुढचं ठरवतं."

मी त्या दाण्यांकडे बघत राहिले. आजारातून उठल्यापासून माझे बाबा असेच चालतात. संध्याकाळी आम्ही दोघं निघतो. इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी ते थांबतात, पुढच्या तळ्याकडे नुसतं बघतात आणि वळतात. दम कुठे संपेल याचा भरवसा नाही. मग राखलेला दम घेऊन घरी खुर्चीत बसतात, आणि तळं तिकडे उतरत्या उन्हात एकटंच चकाकत राहतं. असं राखून राखून आणलेलं पुढे कशाला लागतं, कोण जाणे.

आज टपरी आली. बाबा थांबले, तळ्याकडे बघितलं, आणि पुढेच चालू लागले.

"बाबा, परतही यायचंय," मी म्हटलं.

"परतीला तू आहेस की," ते म्हणाले. नजर तळ्यावरच होती.