तारेला लावलेली बॅटरी

वावराच्या कुंपणातून, जनावरांना हुसकायला तारेत वीज सोडणाऱ्या झटका मशीनची टकटक आजही कानावर पडली, की मला ती घटना आठवते आणि एका भाजीवाल्या बाईपुढे मनातल्या मनात हात जोडले जातात.

अकोला जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात क्षयरोग तपासणीचं नवं यंत्र आलं होतं. वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून त्याला इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. नेमक्या त्याच चोरीला गेल्या आणि यंत्र बंद पडलं. मी तिथला ठाणेदार. पंचनाम्याला गेलो, तर लाखोंचं यंत्र असलेल्या खोलीचा कोयंडा निखळलेला.

"यंत्राला निधी आला सर, दाराला नाही आला," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

कोषागाराला बंदूकधारी पहारा लावणारा माणूस मी. हसावं की चिडावं कळेना, शेवटी चिडलोच.

ठाण्याच्या जुन्या सवयीप्रमाणे आधी भंगारवाले बोलावले. कोणाकडेच काही निघालं नाही. मग एका सकाळी बाजारात भाजी विकणारी ही बाई आली. टोपलं पायरीवर ठेवून सरळ माझ्या टेबलापाशी.

"साहेब, आमच्या वावरात जाऊन पाहा. माह्या लहान्या पोरानं झटक्याले नवी बाटरी लावली. भंगारातून आणली म्हणते, पण मले पटत नाही."

"मावशी, पोरगा आत जाईल. काहून सांगून राहिल्या?"

"आत गेला त वापस येईल. सून गेली त येईल का?"

मी पेन खाली ठेवलं. मग तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. तिचा थोरला मुलगा वारलेला. त्याच्या बायकोला एचआयव्हीच्या गोळ्या चालू होत्या आणि घरात ते फक्त सासूला ठाऊक होतं. आता सुनेचा ताप-खोकला हटत नव्हता. अशा रुग्णाचा टीबी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा निसटतो, यंत्र तो पकडतं, असं मॅडमनी सांगितलेलं. जिल्ह्याला पाठवलेला सुनेच्या थुंकीचा नमुना वाटेत उन्हानं खराब झाला होता. सगळी आशा या बंद यंत्रावर.

वावरात बॅटरी सापडली. वरचं रुग्णालयाचं नाव खरवडलेलं. पोरगा मात्र 'भंगारातून घेतली' यावरून हलेना. मी आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. शेवटी आईलाच समोर बसवलं.

"तुह्या वयनीचा बेडका या बाटरीपायी तपासायचा राहिला," ती म्हणाली. एचआयव्हीबद्दल चकार शब्द काढला नाही.

पोराचा चेहरा उतरला. "मले काय मालूम, माय? रानडुकरं भुईमूग उखडून राहिले होते. म्हटलं, सरकारी हाय, दुसरी येईल."

दुसरी बॅटरी त्यानंच गोठ्यातल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगाखालून काढून दिली.

गुन्हा उघडकीस आला, पोराला अटक झाली, पण जप्त मुद्देमाल न्यायालयाच्या हुकमाशिवाय ठाण्याबाहेर जात नाही. आमच्या मुद्देमाल खोलीत चांगल्या वस्तू गंजून गेलेल्या मी पाहिल्या होत्या. रुग्णालयाचा अर्ज घेऊन मी स्वतः न्यायालयात उभा राहिलो आणि त्याच दिवशी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, बॅटऱ्या सोडवल्या. कोयंडा मात्र आमच्या हवालदारानं बसवून दिला.

यंत्र सुरू झालं. एवढीशी पेटी, सुनेला टीबी आहे आणि नेहमीचं मुख्य औषध लागू पडेल, हे दोन्ही तिनं आम्ही जेवून येईपर्यंत सांगितलं. मी थक्क होऊन पाहत राहिलो. त्या दिवसापासून मी मानतो, की यंत्राबरोबर वीज, दार आणि ते चालवणारं माणूस यांचाही खर्च मंजूर झाला, तरच ते खरं आलं.

पण त्याहून थक्क केलं त्या माउलीनं. निदान ऐकून तिनं डोळे पुसले. "दुखण्याचं नाव कळलं. आता औषध चालू करा बाई," असं मॅडमना म्हणाली.

मग पदर खोचला आणि माझ्याकडे वळली.

"सुनेचं झालं, साहेब. आता माह्या पोराच्या जामिनाचं सांगा."