तारीख न घातलेला अर्ज

आमच्या घरात एक गोष्ट गेली सहा वर्षं चुकीची सांगितली जाते. नात तिसरीत असताना तिच्या आईने शाळेला खोटा अर्ज दिला आणि त्यापायी नातीची सरस्वतीची पाटी गेली, अशी ती गोष्ट. पाटी गेली हे खरं. अर्ज खोटा होता हेही बहुतेक खरं. पण तो सुनेने लिहिला नव्हता, मी लिहिला होता. आता मला सत्याहत्तर पूर्ण होतील, त्याआधी हे लिहून ठेवतो.

मी घाटकोपरच्या एका शाळेत कारकून होतो, शेवटची काही वर्षं हेडक्लार्क. रजेचे अर्ज आधी माझ्या टेबलावर येत. गणपती संपले की आमच्याकडे तापाची साथ यायची आणि ती नेमकी कोकणातल्या मुलांनाच व्हायची. लग्नाचे अर्ज परत जात, सहलीचे तर कोणी देतच नसे. एकाच प्रकारच्या अर्जाला कोणी प्रश्न विचारत नसे. घरात कोणी वारलं असं लिहिलेलं असलं की मुख्याध्यापक चष्मा काढून सही करत आणि कागद माझ्याकडे सरकवत. मीही तो मुकाट्याने फाइलला लावत असे.

नोकरीची सगळी वर्षं माझी सुट्टी शाळेच्या सुट्टीबरोबर बांधलेली होती. मे महिन्यात गाव, दिवाळीत नातेवाईक. सप्टेंबर महिना मी कधी शाळेबाहेर पाहिलाच नाही. आमच्या मुलुंडच्या गच्चीवरून डोंगर दिसतो. पावसाच्या शेवटी त्याचा हिरवा रंग बदलायला लागतो, तेव्हा तिथे खाली नेमकं काय उगवत असेल, याची मला कायम उत्सुकता असे. निवृत्तीनंतर एकदा कासच्या पठाराची छायाचित्रं पाहिली आणि मी घरात टुमणं लावलं. शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त असतात असं कळलं, म्हणून बुधवार ते शुक्रवार जायचं ठरलं. मुलाने रजा काढली, सुनेनेही काढली. राहिली नातीची शाळा.

तिच्या बाई शिस्तीच्या होत्या. नुसतं मोबाइलवर कळवून चालत नसे, पालकाच्या सहीचा कागद लागे. सून म्हणाली, "बाबा, घरगुती कारण असं लिहून टाका." मी तिला सांगितलं की घरगुती कारण लिहिलं की हमखास फोन येतो, माझ्यावर सोपव. मग फुलस्केप घेऊन मी लिहिलं, की मुलीचे चुलत आजोबा वारले असल्याने कुटुंबाला गावी जाणे आवश्यक आहे, तरी तीन दिवसांची रजा मंजूर व्हावी.

माझे थोरले भाऊ खरोखरच वारले होते. चौदा वर्षांपूर्वी. मी फक्त तारीख घातली नाही. अर्जात खोटं लिहायचं नसतं, हवं ते गाळायचं असतं, हे मी त्या टेबलावर शिकलो होतो आणि त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं. आणखी एक सांगायला हवं. भाऊ गेले तेव्हा शाळेत परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं आणि मी त्यांच्या दहाव्याला गेलो नव्हतो.

सुनेने सही केली ती अंधेरीला कामावर निघताना, चपला घालून, उभ्या उभ्या. वाचायला वेळ नव्हता. मी म्हटलं, व्यवस्थित लिहिलंय. तिने विश्वास ठेवला. नातीला मी एवढंच सांगितलं की कोणी विचारलं तर गावाला गेलो होतो म्हण.

कासला मला जे दिसलं ते मी आजही विसरलेलो नाही. फुलं गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती. लांबून नुसता जांभळा-पिवळा रंग दिसायचा, आणि पाहायचं तर अक्षरशः बसावं लागायचं. नात तर पोटावर झोपली. तिथल्या वाटाड्याने तिला एक बोटभर उंचीचं लालसर रोप दाखवलं. त्याच्या केसांवर चिकट थेंब होते आणि एका थेंबात एक चिलट अडकलं होतं. तो म्हणाला, हे झाड किडे खातं. नातीने पाऊण तास तिथून हलायला नकार दिला. किती वेळात खातं, दात कुठे आहेत, त्याला आवडलं नाही तर ते थुंकतं का. वाटाड्याला सगळं सांगता येईना, मला तर काहीच येत नव्हतं. परतताना गाडीत ती म्हणाली, "आजोबा, सोमवारी मी बाईंना हे सगळं सांगणार." मी म्हणालो, सांग की. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी बाईंचा सुनेला फोन आला. आवाज अगदी मायेचा होता, असं सून नंतर म्हणाली. तुमच्याकडे दुःख झालंय, सुतकही आहे, म्हणून सरस्वतीपूजनाची पाटी मी दुसऱ्या मुलीला दिली आहे, कृपया वाईट वाटून घेऊ नका.

त्या शाळेत दसऱ्याआधी प्रत्येक वर्गात पाटीपूजन होत असे. एकच्या आकड्यांची सरस्वती वर्गातली एक मुलगी पाटीवर काढायची आणि पहिलं फूल तिनेच वाहायचं. त्या वर्षी आमची नात निवडली गेली होती. कासला जाण्याआधी ती आठवडाभर रोज पाटी घेऊन बसत होती. आकडे सरळ येत नाहीत म्हणून पुसायची, परत काढायची. तीस वर्षं मी मृत्यूचे अर्ज फाइलला लावले, पण दहा दिवसांत सुतक असतं आणि सुतकात पूजेला हात लावत नाहीत, हे मला अर्ज लिहिताना सुचलं नाही. भाऊंचं सुतक मी तेव्हाही नीट पाळलं नव्हतं, कदाचित म्हणूनच.

मुलगा घरी आल्यावर सुनेने त्याला फोनचं सांगितलं. तो चिडला. "कोण वारलं म्हणून लिहिलंस तू? कोणाच्या डोक्यातून आलं हे?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत बसून मोबाइलमध्ये फुलांचे फोटो बघत होतो. मी मान वर केली नाही. आजूबाजूच्या शाळांमध्ये मला अजून लोक ओळखत. हे कळलं तर ते काय म्हणतील, असा काहीतरी विचार माझ्या मनात होता. आज तो सांगायलाही लाज वाटते.

"मीच लिहिलं," सून म्हणाली.

"सही तुझी आहे म्हणजे तूच लिहिणार," मुलगा म्हणाला. "जरा विचार करायचास ना." नात दारात उभी राहून हे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना फोन करू शकलो असतो. करायला हवा होता. पूजेला अजून चार दिवस होते. मी केला नाही. पूजेच्या दिवशी नात घरी आली तेव्हा मी विचारलं, कशी झाली पूजा. म्हणाली, "तिची सरस्वती वाकडी होती." मग दप्तर ठेवताना तिने मला विचारलं, "आजोबा, मेलेल्या माणसाला परत मेला असं सांगितलं तर त्याला कळतं?" मी म्हणालो, माहीत नाही. हे उत्तर निदान प्रामाणिक होतं.

किडे खाणाऱ्या झाडाचं तिने वर्गात कधीच सांगितलं नाही. दुःखासाठी गावाला गेलेली मुलगी फुलांचं कसं सांगणार. मैत्रिणींनी विचारलं तेव्हा चुलत आजोबा झाडावरून पडले असं तिने सांगून टाकलं होतं, हे मला फार नंतर कळलं. मी नुसती तारीख गाळली होती, तिला मात्र अख्खा माणूस रचावा लागला.

त्यानंतर घरात ही गोष्ट रुजली. सुरुवातीला मुलगा गमतीने म्हणायचा, हिच्या अर्जापासून सांभाळा. नात मोठी होत गेली तशी तीही म्हणायला लागली. सून हसायची. त्या हसण्याचं मला फार कुतूहल वाटायचं. ती मनात काय करत असेल? मला दोष देत असेल, की विसरली असेल? विचारायचं मात्र कधी धाडस झालं नाही.

गेल्या महिन्यात नात, आता ती नववीत आहे, आईशी भांडत होती. क्लास बुडवून मैत्रिणीकडे गेली होती आणि ते लपवलं होतं. आई म्हणाली, मला खोटं चालत नाही. नात म्हणाली, "तू मला खरंखोटं शिकवू नकोस गं. तूच तर शाळेत खोटं लिहून दिलं होतंस. माझी पाटी तुझ्यामुळे गेली."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती हे सहा वर्षं खरं मानत आली होती, एवढंच त्यात होतं. सुनेने ओट्याकडे तोंड फिरवलं.

मी म्हणालो, "तो अर्ज मी लिहिला होता."

मग मी सगळं सांगितलं, भाऊंचं, तारखेचं, फोनच्या संध्याकाळी मान खाली घालून बसलो त्याचं. सांगताना शब्द कमी पडतील असं वाटलं होतं, पण पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतक्या छोट्या गोष्टीला सहा वर्षं कशी लागली, हे मला अजून उमगलेलं नाही.

नात आईला म्हणाली, "आणि तू सांगितलं का नाहीस?"

मलाही तेच विचारायचं होतं. सून हात पुसत म्हणाली, "बाबा बोलतील म्हणून वाट बघत होते. मग पोळ्या करायच्या होत्या."

"तेव्हा. पण नंतर?"

"नंतर तू माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हतीस. त्यात आजोबांशीही बोलणं टाकलं असतंस, तर घरात तू बोलणार तरी कोणाशी होतीस?"

नात ओट्यापाशी गेली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. दोघी हळू आवाजात बोलायला लागल्या. मी खुर्चीत होतो, शब्द ऐकू येत नव्हते. मध्येच सून हसली, नेहमीपेक्षा वेगळं. काय म्हणाल्या असतील ते जाणून घ्यावंसं फार वाटलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

मुलाला अजून सांगायचं आहे, दोघींनी ते माझ्यावरच सोडलं आहे. आज तो ठाण्याहून कामावरून आला की हा कागद त्याच्या हातात देणार आहे आणि तो वाचेपर्यंत समोर बसून राहणार आहे.