गोमा भोईरच्या वाटणीचा बांध

भुताखेतांच्या गोष्टींचा मला मनस्वी तिटकारा आहे. गेलं वर्षभर या मासिकात वाचक आपापले अनुभव छापायला पाठवतात. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाच्या काकांना मुंजा हाक मारतो... मी ते घरी मोठ्याने वाचून दाखवतो आणि पोट धरून हसतो. अहो, अपचन झालंय तुम्हाला! वांग्याचं भरीत जरा बेतानं खा, मुंजे आपोआप नाहीसे होतील. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेला, सायन्स थोडंफार कळणारा माणूस. तरीही आज मीच लेखणी घेऊन बसलोय. काय म्हणायचं ते म्हणा.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. ठाण्याला आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती. मी सरकारी मीठ खात्यात कारकून होतो आणि बाळकुमच्या पुढे खाडीकाठच्या मिठागरावर माझी नेमणूक होती. राहायला एक कौलारू चौकी. पुढे मातीचा बांध, बांधापलीकडे खाडी, मागे मिठाच्या राशी. झाड म्हणून औषधाला नाही. गोडं पाणी गावातून गाडीवर यायचं, दोन दिवसांआड. अशा ठिकाणी मी माझी बायको जानकी हिला घेऊन राहिलो होतो आणि तिला आठवा महिना होता. तिला कल्याणला मामांकडे ठेवा, असं सगळे सांगून थकले. पण मी कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हतो.

वैशाख संपत आला तेव्हा ठाण्याच्या स्टेशनात तार आली — समुद्रात मोठं तुफान उठलंय, मुंबईच्या रोखाने येतंय. झालं! जो तो माझ्या काळजीने वाळायला लागला. मामांनी कल्याणहून गडी धाडला, "सूनबाईला ताबडतोब पाठव." तारमास्तरांनी निरोप दिला, "आमच्या बिऱ्हाडी या." मी दोघांनाही उलट निरोप धाडला की, आपापली कौलं सांभाळा. दरवर्षी कुणीतरी तुफान येणार म्हणतो, आणि येतं काय, तर चार शिंतोडे.

मग आला पोशा पाटील. गावचा आगरी पुढारी, कमरेला लंगोटी, पण चाल अशी की जणू कलेक्टर. म्हणाला, "रावसाहेब, उद्या आवस हाय. दुपारचा उधान आन वरशी तुफान. बाईला आमचे घरा न्या. वेगली खोली देतो. चूल वेगली, भांडी कोरी. आमी शिवनार पन नाय."

"अरे पोशा," मी म्हणालो, "तुझ्या घरात राहायची वेळ आली तर मी खाडीत उडी टाकीन."

तो रागावला नाही. बांधाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमचे चौकीपुढचा बांद गोमा भोईरचे वाटनीचा हाय. त्यावर उद्या कोन उभा रवाचा नाय."

त्या लोकांची रीत अशी, की बांध घरटी वाटलेला असतो. ज्याची वाटणी, त्याने राखायची. उधाणाला प्रत्येक घर आपापल्या तुकड्यावर उभं राहणार आणि जिथे पाणी झिरपेल तिथे चिखल थापणार. गोमाचं घर आदल्या वर्षी अख्खं मेलं होतं. वारस नाही. नवी वाटणी व्हायची होती आणि ती होईपर्यंत मेलेल्याच्या बांधाला दुसऱ्याने हात लावायचा नाही! मी तर हसलोच. म्हटलं, "समुद्राला सांगून ठेव, अमुक तुकडा मयताचा आहे म्हणून." पाटील खाली मान घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वारा सुटला, आणि तसा वारा मी जन्मात पाहिला नव्हता. मिठाच्या राशींवर झाकलेलं गवत उडालं. कौलं खडखडायला लागली. बाराच्या पुढे खाडी बांधाच्या डोक्याला टेकली. जानकी आतल्या खोलीत भिंतीला धरून उभी. मी तिला "काही होत नाही गं" म्हणत होतो, आणि खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती. गावाची वाट आडव्या बांधावरून, पाव तासाची. ती पुढचा बांध टिकला तरच टिकणार होती.

मी ओटीवर आलो, तर चौकीपुढच्या बांधावर माणसं! तीन गडी, दोन बायका. गडी खालचा चिखल कापून देत होते, बायका थापत होत्या. त्यातली एक तर कंबरेत पार वाकलेली म्हातारी. मला तशाही वेळी हसू आलं. बघा, कालपर्यंत मयताचा बांध, आणि आज सरकारी कारकुनाचा जीव म्हटल्यावर कशी रीत विसरले! आणि पाटलाला म्हातारीशिवाय माणूस मिळालं नाही? उलटे पाय बघायची ज्यांना हौस आहे, त्यांची मी निराशा करतो. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होते.

म्हातारी वळली, ओटीपर्यंत आली. चेहरा साधा, दमलेला. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून म्हणाली, "पानी दे रं, बाला. थोरा पानी."

आतून जानकीचा आवाज आला, "अहो, पाणी मागतायत. द्या ना!"

हंडा माझ्या पायाशीच होता. वरून ओतायला किती वेळ लागतो? पण मी... मी म्हणालो, "आधी काम करा. बांध धरलात तर पाणी. निघ."

ती ओंजळ तशीच धरून क्षणभर उभी राहिली. मग हात खाली घेतले. म्हणाली, "बाईला घेवन जा. आमी हाव तवर जा."

मजुरणीने मला हुकूम द्यावा! पण तिच्यामागे बांधाच्या पोटातून पाण्याची चिळकांडी उडाली, आणि एका गड्याने तिथे सरळ आपली पाठ लावली. मी आत पळालो. जानकीला धरलं आणि आडव्या बांधाने निघालो. ती दोनदा बसली, दोनदा मी तिला उठवलं. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. गावाच्या उंचवट्यावर पाय ठेवला आणि मागे मोठा आवाज झाला. बांधाला खांड पडली होती. चौकी होती तिथे नुसतं पाणी.

पाटलाच्या ओटीवर आम्हाला घोंगड्या दिल्या. तासाभराने पाटील बांधावरून आला, चिखलाने माखलेला. मी त्याच्यावर तुटून पडलो, "तुझे पाच जण बुडाले असतील, आधी ते बघ! म्हातारीला कुणी जुंपलं तिथे?"

"कंची म्हातारी?"

मी वर्णन केलं. गडी, बायका, ती वाकलेली. पाटलाची बायको आत रडायला लागली.

"आमचा येक बी मानूस तिकरं नवता, रावसाहेब. जो तो आपले बांदावर. गोमाचे घरात पटकी झाल्ती. तीन भाव, गोमाची बायको आन म्हातारी. दोन दिस पानी पानी करत व्हती. हाका ऐकू येत व्हत्या. आमी भ्यालो. कोन गेला नाय."

मग जानकी म्हणाली, "अहो, तुम्ही पाणी दिलंत ना त्यांना?"

सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

"दिलं," मी म्हणालो.

पाटलाच्या बायकोने येऊन माझे पाय धरले. "बरा केलास रं, बाबा. सुटली बिचारी," म्हणाली.

नंतर मी कोलशेत, ढोकाळी, कळवा सगळीकडे चौकशी केली. परगावचे मजूर असतील, मिठाच्या होडीवरचे खलाशी असतील. कुणीच नव्हते. एकही प्रेत लागलं नाही. भीतीने डोळ्यांना भास झाला म्हणावं, तर जानकीनेही आवाज ऐकला होता. माझं सायन्स इथे थकलं. आजही मला ठाऊक नाही ती माणसं कोण होती.

महिन्याभराने कल्याणला आम्हाला मुलगी झाली. गेल्या आषाढात जानकी गेली. शेवटच्या दुखण्यात मुलीचा हात धरून तिला सांगत होती, "तुझ्या अप्पांची जीभ तिखट गं, पण त्या वादळात त्यांनी पाच तहानलेल्या जिवांना पाणी पाजलं, म्हणून तू आहेस." मी पलंगाच्या पायथ्याशीच बसलो होतो. मी काही बोललो नाही.