डोंगरवाटेवरचा आलो-आलो

आमच्या डोंगरवाटेवर तो दिसण्याआधी ऐकू यायचा. वळणापलीकडून हाक यायची, "आलो, आलो! मागनं आलो!" मग पावलांचा आवाज, मग तो. म्हसवडकडच्या आमच्या गावात त्याचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं होतं. लहानथोर त्याला आलो-आलोच म्हणत. बहात्तरच्या दुष्काळी कामात खोदलेल्या त्या अरुंद वाटेवर पुढची दोन-तीन वर्षं आम्ही दोघं रोज सकाळी पळायचो. तो मला आवडत नव्हता. वाटेत दहादा थांबूनही तो माझ्याआधी पोचायचा, हे एक कारण. बाकीची पुढे येतीलच.

मला सगळं लिहून ठेवायची सवय. पळण्याच्या वेळा मी वहीत मांडायचो, आणि मागच्या पानावर त्याचे नियम उतरवले होते, कधीतरी एखादा मोडताना सापडेल म्हणून. वीस पावलांवरून हाक द्यायची. डोक्यावर ओझं असलेल्याला वाट सोडायची, आणि सोडताना दरीच्या बाजूला आपण उभं राहायचं. जनावरांजवळ चालायचं. वळण चुकवून मधूनच उतरायचं नाही. पावसात तिथंच वाट खचते. वर्षभरात एकाही नियमापुढं मोडल्याची खूण करता आली नाही.

एकदा चिडून म्हणालो, "वाट तुझ्या बापाची हाय का रं, एवढी जपतोस?"

"न्हाई न्हवं, म्हणून तर जपतो," तो म्हणाला. "ही लोकं कामाला निघाल्यात गड्या. आपून नुसतं पळतोय."

त्याला वाटेवर कुणी ताक द्यायचं, कुणी मूठभर बोरं. मला काही मिळायचं नाही. शेवटी मीही हाक द्यायची ठरवली. एका सकाळी पुढे गवताचा भारा घेतलेली बाई दिसली. मी वीस पावलं मोजून ओरडलो, "आलो, मागनं आलो!" भाऱ्याखालून हसू ऐकू आलं. "ये रं लेका, दमानं ये," म्हणत ती वळली. ती माझी आई होती.

"तू व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं आलो-आलो."

त्या दिवसापासून मी हाक दिली नाही.

साताऱ्याच्या जिल्हा शर्यतीला आमच्या तालमीतून एकच जण जाणार होता. तो निवडायला तालीम चालवणारे निवृत्त सुभेदार मनगटी घड्याळ घेऊन पायथ्याशी उभे राहिले. वरच्या देवळाला शिवून खाली यायचं होतं. उतरताना तो माझ्या चाळीसेक पावलं पुढे होता. अरुंद वळणावर समोरून मेंढरं आली. तो थांबला, कडेला सरकला आणि हात आडवा करून मला म्हणाला, "थांब गड्या, गाभण हायत्या."

मी थांबलो नाही. मेंढरं उधळून वर खडकात घुसली. "डोळं फुटलं का रं तुझं?" मेंढपाळ मागून ओरडत होता. मी पायथ्याशी आलो तेव्हा माझ्यामागची वाट मोकळी होती. तो बऱ्याच वेळानं आला, पायांत काटे घेऊन. मेंढरं गोळा करून आला होता.

"मधी काय झालं?" सुभेदारांनी विचारलं.

"काय न्हाई आबा. मीच थांबलो."

सुभेदारांनी माझं नाव लिहिलं.

निघायच्या दिवशी तो एसटी स्टँडवर आला. हातात त्याचे कॅनव्हासचे बूट, धुऊन खडूनं पांढरे केलेले. "हे घाल. तुझं तळ गेल्यात," म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. एवढी वर्षं मी जे त्याच्यावर जळलो, त्यातलं कणभर तरी तिथं दिसावं, असं मला फार वाटत होतं. तो खिडकीशी उभा राहून विचारत होता, "भाकरी घेतलीस न्हवं?"

साताऱ्यात मी चौथा आलो. बूट मला सैल होत होते, असं सांगता आलं असतं. ते अगदी नेमके बसत होते.

पुढच्या भरतीत तो फौजेत गेला. त्याला पोचवायला अर्धा डोंगर स्टँडवर उतरला, मेंढरं सोडून माणसं आली. मी गेलो नाही. पाय मुरगळलाय, असं घरी सांगितलं.